ग्रंथालय आणि व्यासपीठ : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

वाचकाच्या हाती पुस्तक पडले म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाचे काम संपते, की त्या पुस्तकाविषयी चार माणसांनी एकत्र बसून बोलावे, ग्रंथकाराला बोलावून त्याचे ऐकावे आणि ज्यांच्या घरी पुस्तक कधी गेलेच नाही त्यांनाही या बोलण्यात सामील करून घ्यावे, हाही त्या कामाचाच भाग आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षे तरी चर्चिला जात आहे. त्याचा निकाल मात्र अद्याप लागलेला नाही. एखाद्या तालुक्याच्या गावी नगरवाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बसावे. ग्रंथखरेदीच्या रकमेवर सहसा कोणी बोलत नाही, पण जमाखर्चातील व्याख्यानमालेचा आकडा वाचला जाताच एक सभासद उठून एवढ्या पैशांत किती पुस्तके आली असती असे विचारतो, आणि व्याख्यानमाला बंद केली तर या इमारतीकडे फिरकणार कोण, असे दुसरा त्याला सुनावतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा विषय दरवर्षी नव्याने निघतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची पूर्वपीठिका, त्यातील मुख्य पक्ष आणि आज शिल्लक राहिलेले मुद्दे यांचा विचार करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

मराठी मुलखातील पहिली सार्वजनिक ग्रंथालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाली. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे व बेळगाव १८४८ आणि कोल्हापूर १८५० अशी त्यांची परंपरा सांगितली जाते. इंग्रज अंमलदारांचे उत्तेजन आणि नव्याने इंग्रजी शिकलेल्या सरकारी नोकरांची वर्गणी या दोन आधारांवर ही ‘नेटिव्ह जनरल’ ग्रंथालये उभी राहिली, आणि त्यांचा वाचकवर्गही स्वाभाविकपणेच त्या लहानशा वर्तुळापुरता मर्यादित होता. व्याख्यानाची परंपरा या इमारतींत जन्मली नाही. तिचा उगम अन्यत्र होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली आणि तिच्या अंगाने मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. तेथे देशभाषांतून पदार्थविज्ञानापासून इतिहासापर्यंतच्या विषयांवर निबंध वाचले जात, आणि याच मंडळींनी पुढे मुलींच्या शाळा काढल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनी गिरगावच्या चौपाटीवर मिशनऱ्यांशी जे जाहीर वादविवाद केले, त्यांना तर छप्पर नव्हते आणि वर्गणीही नव्हती. म्हणजे ग्रंथ एका ठिकाणी जमत होते, आणि बोलणे दुसऱ्याच ठिकाणी चालले होते.

हे बोलणे ऐकण्यासाठी लागणारा कान मात्र महाराष्ट्राला नवा नव्हता. पूर्वरंगात सिद्धान्त मांडावयाचा आणि उत्तररंगात आख्यानाच्या आधाराने तो पटवावयाचा, ही कीर्तनाची रचना श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली होती. दोन-अडीच तास एका जागी बसून एकाच माणसाचे ऐकणे त्यांना अवघड वाटत नसे. आपल्याकडील व्याख्यानात विनोद, दृष्टान्त आणि शेवटचा आवेश यांना आजही जी जागा मिळते तिचे मूळ येथे शोधावे लागेल, आणि निबंधवाचनाचा पाश्चात्य प्रकार आपल्याकडे विद्यापीठांबाहेर फारसा का रुजला नाही याचेही.

पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. कचेऱ्या आणि विद्यालये यांच्या सुटीचा काळ, सायंकाळची वेळ आणि दररोज नवा विषय, ही योजना इतकी सोयीची ठरली की तिचा नमुना पुढे शंभर गावांनी उचलला. वक्तृत्वोत्तेजक सभेच्या वतीने ती माला आजही २१ एप्रिल ते २० मे या कालावधीत होते. नाशिकला गोदावरीच्या घाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात भरणारी वसंत व्याख्यानमालाही त्याच घराण्यातली. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने व्याख्यानाला चौकाचौकांत नेले. त्याच वर्षी ठाण्याला आणि १८९८ साली मुंबईला मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पूर्वीच्या ग्रंथालयांमागे अंमलदारांचे उत्तेजन होते. या दोहोंच्या मुळाशी मराठी भाषेतील ग्रंथ जतन करण्याची ईर्षा होती, आणि ज्या संस्थेचा जन्म भाषेच्या अभिमानातून होतो तिला सभा-संमेलने परकी वाटत नाहीत. ग्रंथ आणि व्याख्यान हे दोन प्रवाह खऱ्या अर्थाने एकत्र आले ते या काळात.

बडोद्याचा प्रयोग आणि इतर वाटा

या इतिहासात महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी राजाचे स्थान स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि शिकलेला मुलगा पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उघडले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ हे मध्यवर्ती ग्रंथालयाचे भांडवल ठरले. खेड्यांतील ग्रंथालयांसाठी एक हिस्सा गावकऱ्यांचा, एक स्थानिक पंचायतीचा आणि एक दरबारचा अशी तिहेरी वाटणी होती. ज्या गावी तेवढेही शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या खात्याला दृश्यशिक्षणाची एक शाखा जोडलेली होती, आणि तिच्यामार्फत जादूच्या कंदिलाच्या काचा, चित्रे व पुढे चित्रपट यांच्या साहाय्याने खेड्यापाड्यांत ज्ञानाचे खेळ होत. ज्यास वाचता येत नाही तोही ग्रंथालयाचा हक्काचा लाभार्थी आहे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च हा ग्रंथालय-खात्याचाच खर्च आहे, हे तत्त्व येथे हिंदुस्थानात बहुधा प्रथमच सरकारी अंदाजपत्रकात शिरले. नंतरच्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात जी ग्रंथालय-व्यवस्था उभी राहिली तिने बडोद्याच्या पुष्कळ गोष्टी घेतल्या. हे एक तत्त्व मात्र तिने कागदावर जेवढे स्वीकारले तेवढे जमाखर्चात उतरविले नाही, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

ब्रिटिश मुलखात हेच काम सरकारने नव्हे, संस्थांनी केले. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये, फिरत्या पुस्तकपेट्या आणि कंदिलाच्या चित्रांसह व्याख्याने अशी सांगड घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कार्यक्रमातही वसतिगृहाच्या जोडीला मोफत वाचनालय होते. साने गुरुजींच्या निधनानंतर १९५१ साली प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेल्या कथामालेने मुलांसाठी गोष्ट सांगण्याचा पायंडा पाडला. १९५९ साली सातारा जिल्ह्यात आरंभलेली ग्रामशिक्षण मोहीम तर प्रौढांच्या साक्षरतेसाठी संपूर्ण गावाने एकत्र येण्याचाच प्रयोग होता. या सर्व उपक्रमांत आज ज्याला ‘लोकशिक्षण’ म्हणतात त्याची बीजे आहेत, परंतु ते बहुतांशी ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर वाढले.

कायदा आणि जमाखर्च

मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळाने १९३९ साली आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयविकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंतची जी उतरंड तिने आखून दिली, तिच्यावर पुढील सर्व इमला रचला गेला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला तो १९६७ साली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने स्थानिक करावर ग्रंथालय-उपकर बसविण्याची जी वाट घालून दिली होती ती महाराष्ट्राने स्वीकारली नाही. लोकांनी चालविलेल्या संस्था लोकांच्याच हाती ठेवाव्यात आणि शासनाने त्यांस दर्जानुसार अनुदान द्यावे, हा मार्ग येथे पत्करण्यात आला. ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ या चार वर्गांत विभागलेल्या शासनमान्य ग्रंथालयांची संख्या आज अकरा हजारांच्या वर आहे.

या पद्धतीने गावोगावच्या कार्यकारी मंडळांचे स्वातंत्र्य राखले, हा तिचा मोठा गुण होय. परंतु वर्ग ठरविताना पुस्तकांची, नियतकालिकांची व सभासदांची संख्या, दप्तर आणि सेवक हेच प्रामुख्याने मोजले जाते, आणि जे मोजले जाते त्यावरच संस्थेचे चित्त राहते. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास २०२२ च्या वाढीपूर्वी वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्या वर्षी शासनाने अनुदानात साठ टक्क्यांची वाढ केली, तरी त्यातून ग्रंथपालाचे वेतन, नियतकालिकांची वर्गणी, पुस्तके आणि विजेचे बिल भागवून वक्त्याच्या प्रवासखर्चास किती उरेल हे सांगावयास गणिती नको. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ज्या योजना राबविते त्यांत परिसंवाद व ग्रंथप्रदर्शनांनाही साहाय्य आहे, आणि जिल्हावार ग्रंथोत्सव शासन स्वतः भरविते. पण खेड्यातील वाचनालयाच्या कार्यवाहास त्या अर्जाच्या वाटेने जाण्याइतकी सवड आणि माहिती क्वचितच असते. परिणामी व्याख्यानमाला चालते ती बहुधा कोणा दात्याच्या वडिलांच्या स्मृत्यर्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजावर.

ग्रंथ प्रथम, असे म्हणणारा पक्ष

या पार्श्वभूमीवर पहिला पक्ष समजून घेणे सोपे जाते. त्याचे प्रतिपादन असे की, व्याख्यान गावातील कोणतीही संस्था करू शकते. गणेशमंडळ करते, महाविद्यालय करते, पतपेढीसुद्धा आपल्या वर्धापनदिनी करते. परंतु दुर्मिळ ग्रंथ सांभाळणे, जुन्या नियतकालिकांचे अंक बांधून ठेवणे आणि एखाद्या अभ्यासकाला हवे असलेले पुस्तक तीस वर्षांनंतरही कपाटातून काढून देणे, हे ग्रंथालयावाचून कोणीच करणार नाही. मनुष्यबळ तोकडे असताना ग्रंथपालाने मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांची उतरण्याची व्यवस्था यांत महिना घालविला, तर त्या महिन्यात आलेली पुस्तके नोंदीवाचून पडून राहतात. गर्दी जमली म्हणजे वाचन वाढले असे समजणे हा भ्रम होय, असेही हा पक्ष बजावतो, आणि व्याख्यानमालेच्या दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीवर वेगळी रांग लागल्याचे दाखवा, असे आव्हान देतो.

हा युक्तिवाद केवळ कंजुषीचा नाही. तो मांडणाऱ्यांत ज्यांनी आयुष्यभर ग्रंथ राखले अशी माणसे आहेत, आणि वाळवीने खाल्लेल्या दप्तराशेजारी नवे व्यासपीठ उभारलेले पाहून त्यांना होणारा क्लेश समजण्याजोगा आहे.

व्यासपीठाचा पक्ष

दुसऱ्या पक्षाचा तात्त्विक आधार शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांत आहे. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, ही सूत्रे खरी मानली तर वाचक आपण होऊन येण्याची वाट पाहत बसणे हा कर्तव्यात कसूर ठरतो. त्याला शोधावे लागते, आणि व्याख्यान, प्रदर्शन, वाचकमंडळ ही शोधण्याची साधने होत. युनेस्कोच्या १९४९ च्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यापासून २०२२ च्या आवृत्तीपर्यंत हीच भूमिका उत्तरोत्तर विस्तारत गेली आहे. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून उभारलेली ग्रंथशाळांची चळवळ या पक्षाला फार जवळची वाटते, कारण तेथे खेड्यातील वाचनालय हे नाटक, चर्चा आणि साक्षरतावर्ग यांचे एकत्र घर झाले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या पक्षाच्या हाती एक विशेष मुद्दा आहे, आणि तो पुरेसा मांडला जात नाही असे मला वाटते. आपली बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये देवघेवीच्या बाबतीत वर्गणीदारांची ग्रंथालये आहेत. पुस्तक घरी न्यावयाचे तर अनामत भरावी लागते, मासिक वर्गणी द्यावी लागते, आणि वर्गणी थकली की नाव कमी होते. नावाप्रमाणे सार्वजनिक असे त्यांत दोनच व्यवहार आहेत : वृत्तपत्रांचा मुक्तद्वार कक्ष आणि व्याख्यान. अनामत न भरताही जेथे कोणीही येऊन बसू शकतो ती जागा बंद करून तिचा पैसा वर्गणीदारांच्या पुस्तकांकडे वळविला, तर सार्वजनिक पैशाचा लाभ आणखी थोड्यांना होईल, हे या पक्षाचे म्हणणे सहजी खोडून काढता येण्याजोगे नाही.

लेखक दारी आला म्हणजे

लेखकभेटीचा प्रकार व्याख्यानाहून थोडा निराळा आहे आणि त्यावरचा मतभेदही निराळा. स्वातंत्र्योत्तर काळात मराठी लेखक जितका फिरला तितका पूर्वी कधी फिरला नव्हता. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी काव्यवाचनाची अशीच दुसरी त्रयी जमविली. ज्या गावांत कवितेचे पुस्तक विकत घेणारा एखादाच असेल, तेथे कविता ऐकण्यासाठी माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसली. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात उभारलेल्या ‘ग्रंथाली’ने लेखक, प्रकाशक आणि वाचक यांच्यातील अंतर तोडण्याचे काम चळवळीच्या पातळीवर नेले, आणि ज्यांच्या आत्मकथनांस रूढ प्रकाशनव्यवहारात जागा नव्हती अशा लेखकांना त्यातून वाचक लाभला.

यावर आक्षेप असा की, ऐकण्याच्या कथेचे आणि वाचण्याच्या कथेचे शास्त्र भिन्न आहे. श्रोत्यांना हशा हवा असतो. तो देणारी कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि लेखकाची जी कथा मंद, अंतर्मुख आहे ती व्यासपीठावर कधी येतच नाही. हळूहळू लेखकही ज्या कथेला टाळी पडते तशाच कथेकडे झुकतो. उलट बाजूने असे सांगितले जाते की, ग्रामीण बोलीची लय, तिचा हेल आणि तिच्यातील विराम शहरी वाचकाला छापील पानावरून कळलेच नसते. माडगूळकर-पाटलांच्या आवाजात ते ऐकल्यावर पुस्तक वाचण्याची रीतच बदलली. माझ्या मते येथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण त्या निरनिराळ्या लेखकांविषयी खऱ्या आहेत. ज्याची कला मुळात मौखिक परंपरेतून आली त्याला व्यासपीठाने मोठे केले. ज्याची कला लेखनाच्या एकान्तातली आहे त्याला व्यासपीठावर ओढण्यात ना ग्रंथालयाचा लाभ आहे ना लेखकाचा, आणि अशा लेखकाशी वीस वाचकांनी एका खोलीत बसून गप्पा माराव्यात हेच बरे. निमंत्रकांना हा विवेक ठेवणे जड जाते, कारण वीस माणसांचे छायाचित्र अहवालात शोभत नाही.

मानधनाचा प्रश्नही येथेच येतो. लेखकाला शाल, श्रीफळ आणि हार देऊन त्याच्या एका दिवसाची किंमत फिटली असे मानण्याचा शिरस्ता पुष्कळ दिवस चालला. आज नामवंत वक्त्यांचे मानधन लहान वाचनालयांच्या आवाक्याबाहेर गेले आहे आणि नवोदितांना मात्र प्रवासखर्चही मागावा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये कोणताही मान्य दर नाही.

श्रोता कोण

या प्रश्नावर सर्वांत जुनी आणि सर्वांत मूलगामी हरकत महात्मा फुल्यांची आहे. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण रानड्यांकडून आले असता, ज्या मंडळींच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना स्थान नाही त्यांच्याशी मिसळून आमचे हित होणार नाही, या आशयाचे पत्र धाडून त्यांनी ते नाकारले. व्यासपीठावर कोण बसतो यावरून खाली कोण बसणार हे ठरते, हा त्या पत्राचा ध्वनी आजच्या व्याख्यानमालांनाही लागू आहे. पूर्वी व्याख्यानमालांतील वक्ते बहुशः एका वर्गातले होते. गेल्या पन्नास वर्षांत त्यांत पुष्कळ पालट झाला, दलित व ग्रामीण लेखक आले, स्त्रिया केवळ महिलादिनापुरत्या न राहता इतर विषयांवरही बोलू लागल्या. श्रोत्यांचा पालट मात्र त्याच मानाने झाला नाही. सायंकाळी साडेसहाची वेळ निवृत्तांच्या सोयीची असते; स्वयंपाकघरात अडकलेल्या स्त्रीच्या, पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या किंवा शिकवणीच्या वर्गातून परतणाऱ्या मुलाच्या सोयीची ती नव्हे. केवळ वेळ बदलल्याने हा प्रश्न सुटेल असे कोणी म्हणत नाही, परंतु वेळ न बदलता तो सोडवू पाहणाऱ्यांनीही आपले म्हणणे तपासून घ्यावे.

गोव्यात या प्रश्नाला भाषेचे परिमाण आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे, म्हणजे आपल्याकडील बहुतेकांहून जुने. पण २००८ पासून तेथील सरकार दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावे जो विचारमहोत्सव भरविते तो मुख्यतः इंग्रजीत होतो. देशभरातील नामांकित विद्वान त्यानिमित्ताने गोव्यात येतात, प्रवेश सर्वांस खुला असतो, आणि तरीही कोकणी-मराठी वाचणाऱ्या तालुक्यातील ग्रंथालयापर्यंत त्याचे पडसाद किती पोहोचतात याविषयी तेथे दोन मते आहेत.

वक्ता कोणी निवडावा

येथे मी थोडक्यात बोलतो, कारण हा विषय लगेच पक्षाभिनिवेशाकडे घसरतो. वक्त्याची निवड कार्यकारी मंडळ करते. मंडळात गावातील प्रतिष्ठित असतात. प्रायोजकांचीही अपेक्षा असते. वादग्रस्त वक्त्यास बोलावू नये, कारण संस्था सर्वांची आहे, असे काहींचे मत. आणि संस्था सर्वांची आहे म्हणूनच सर्व मतांस पाळीपाळीने स्थान मिळावे, असे इतरांचे. एकाच विषयावर परस्परविरुद्ध मतांचे दोन वक्ते लागोपाठच्या दिवशी बोलावण्याचा जुना प्रघात काही मालांनी अजून टिकविला आहे. तो खर्चिक आहे, पण त्याहून न्याय्य तोडगा अद्याप कोणी सुचविलेला नाही.

नवी रूपे

मार्च २०२० च्या टाळेबंदीने व्याख्यानमाला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नेल्या. राज्यातील ग्रंथालयांना त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला, म्हणजे नेमक्या वाचन प्रेरणा दिनी, दारे उघडण्याची परवानगी मिळाली, तोवर लहान गावातील माला परदेशस्थ मराठी श्रोता ऐकू लागला होता. दूरच्या श्रोत्याची ही भर टिकाऊ ठरते की सभागृहातील जवळचा श्रोताच घरी बसतो, यावर संयोजकांत एकवाक्यता नाही.

दुसरे रूप अभ्यासिकेचे. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी गावोगावची वाचनालये सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेली असतात, आणि परीक्षेत यशस्वी झालेल्या अधिकाऱ्याचे मार्गदर्शन हे आज सर्वांत गर्दी खेचणारे व्याख्यान होय. ते ज्ञानदान की केवळ शिकवणी, असा प्रश्न जुन्या सभासदांना पडतो. परंतु ज्या तरुणाला घरात अभ्यासाला कोपरा नाही त्याच्या दृष्टीने वाचनालयाने त्याला दिलेली खुर्ची हाच सर्वांत मोठा सार्वजनिक उपक्रम आहे, आणि सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळेशी त्याचे नाते व्याख्यानमालेपेक्षा अधिक जवळचे आहे. तिसरे रूप पुस्तकांच्या वाटेने माणसे जोडण्याचे : नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना पेटीतून पुस्तके वाचकगटांपर्यंत पोहोचविते आणि बडोद्याच्या फिरत्या पेटीची आठवण करून देते, महाबळेश्वरजवळचे भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते, तेथे तर घरेच वाचनालये झाली आहेत.

काय शिल्लक आहे

वादाच्या दोन्ही बाजू ऐकल्यावर ध्यानात येते की निर्णयासाठी लागणारा पुरावाच आपण जमा केलेला नाही. व्याख्यानाने वाचन वाढते की नाही, हे सांगण्यासाठी त्या विषयावरील पुस्तकांची देवघेव आधी व नंतर किती झाली याची नोंद हवी. ती नोंद ठेवणे मुळीच अवघड नाही. देवघेवीची वही प्रत्येक वाचनालयात असतेच. परंतु व्याख्यानमाला एका उपसमितीकडे आणि ग्रंथखरेदी दुसऱ्या उपसमितीकडे, अशी विभागणी असल्यामुळे बाबासाहेबांवर तीन दिवस व्याख्याने व्हावीत आणि त्या आठवड्यात त्यांच्या ग्रंथांची एकच फाटकी प्रत कपाटात असावी, असेही घडते. अनुदानाच्या नियमांत कार्यक्रमांसाठी स्वतंत्र तरतूद असावी की त्यामुळे कागदोपत्री कार्यक्रमांचेच पीक येईल, हाही प्रश्न खुला आहे. ग्रंथालये प्रत्यक्षात चालतात की कागदावरच आहेत, याची २०१२ साली महसूल खात्याने जी पडताळणी केली तिचा अनुभव ज्यांना आहे ते दुसऱ्या शक्यतेची भीती बाळगतात, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

दुसरी उणीव अधिक खेदाची. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची १८७७ सालची विल्सन भाषाशास्त्रविषयक व्याख्याने १९१४ साली ग्रंथरूप झाली म्हणून आज उपलब्ध आहेत. आंबेडकरांनी १९३९ साली पुण्याच्या गोखले संस्थेत संघराज्यावर आणि १९४३ साली गोखले स्मारक सभागृहात रानडे, गांधी व जीना यांच्यावर दिलेली व्याख्याने त्या-त्या वर्षीच छापली गेली म्हणून त्यांवर अद्याप चर्चा होते. नरहर कुरुंदकरांसारख्या वक्त्याने मराठवाड्यापासून मुंबईपर्यंत जी शेकडो भाषणे केली त्यांतील काहीच छापली गेली, बाकीची त्यांच्या श्रोत्यांबरोबर चालली आहेत. ज्या संस्था ग्रंथ राखण्यासाठी जन्मल्या त्यांच्याच सभागृहात झालेले शब्द त्यांच्याच कपाटात नसावेत, ही स्थिती पहिल्या पक्षाला मान्य नसावी आणि दुसऱ्यालाही नसावी. ग्रंथ आणि व्याख्यान यांतील तंटा बऱ्याच अंशी येथेच सुटतो असे मला वाटते : जे व्याख्यान ग्रंथालयात काही ठेवून जाते, मग ती ध्वनिफीत असो, टिपण असो की वक्त्याने सुचविलेल्या पुस्तकांची खरेदी, त्याचा खर्च ग्रंथालयाचा खर्च होय; जे काहीच ठेवून जात नाही त्याचा हिशेब मंडळाने उत्सवाच्या खाती टाकावा.

तेव्हा वाचनालयांच्या कार्यवाहांना एक विनंती आहे. येत्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका छापावयास देण्यापूर्वी प्रत्येक वक्त्याकडून पाच-दहा पुस्तकांची यादी मागवावी, तीतील नसतील ती पुस्तके मालेपूर्वी खरेदी करून मांडावीत, भाषण ध्वनिमुद्रित करण्याची वक्त्याची लेखी संमती घ्यावी, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत दाखलक्रमांक देऊन आपल्या संग्रहात व एक जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. वर्षअखेरीच्या अहवालात हारतुऱ्यांच्या छायाचित्रांऐवजी ही यादी छापावी.